वर्गातील तंत्रज्ञान आणि विचार करणारा विद्यार्थी

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा लिखित पाठ)



संस्थेच्या सुवर्णमहोत्सवासारख्या मंगल प्रसंगी गेल्या पन्नास वर्षांच्या कार्याचे स्मरण केले जाते आणि पुढील वाटचालीचा संकल्पही सोडला जातो. शिक्षणास साहाय्य हा अशा संकल्पाचा एक महत्त्वाचा भाग असतो. मागील पिढीतील दात्यांनी वसतिगृहाच्या खोल्या बांधून दिल्या, ग्रंथालयास कपाटे दिली, होतकरू मुलांना शिष्यवृत्त्या दिल्या. आज महाविद्यालयांकडून येणाऱ्या विनंतीपत्रांचे स्वरूप पालटले आहे. त्यांत प्रोजेक्टर, स्मार्ट बोर्ड, टॅब आणि सुसज्ज संगणक कक्ष यांची मागणी असते. दाता श्रद्धेने देणगी देतो, कोनशिला बसते, छायाचित्र निघते. त्यानंतर त्या वर्गात बसणाऱ्या विद्यार्थ्याच्या शिकण्यात काय फरक पडला, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. आज तोच प्रश्न आपणासमोर मांडावा, असे मी योजिले आहे.

माझे प्रतिपादन आरंभीच सांगतो. जे साधन शिक्षकाचे शब्द विद्यार्थ्यापर्यंत पोहोचविते, ते उपयुक्त असते. पण विद्यार्थी त्यापुढे श्रोताच राहतो. जे साधन विद्यार्थ्याच्या मनातील विचार शिक्षकापर्यंत आणि शेजारच्या सहाध्यायापर्यंत आणते, ते त्याला शिकण्याच्या कामास लावते. देणगी देताना, खरेदी करताना आणि वर्गात वापर करताना हा भेद ध्यानी घेतला, तर थोड्या खर्चातही मोठे कार्य होऊ शकते.

एकमार्गी प्रवास

आपल्या देशात उच्च शिक्षणासाठी तंत्रज्ञान वापरण्याचे प्रयत्न नवे नाहीत. १५ ऑगस्ट १९८४ रोजी विद्यापीठ अनुदान आयोगाचा ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ हा कार्यक्रम दूरदर्शनवर सुरू झाला. त्यासाठी पुणे विद्यापीठातील माध्यम केंद्रातही कार्यक्रम तयार होत असत. २० सप्टेंबर २००४ रोजी श्रीहरिकोटा येथून ‘एज्युसॅट’ हा केवळ शिक्षणासाठी वाहिलेला आपला पहिला उपग्रह अवकाशात गेला. ९ जुलै २०१७ रोजी ‘स्वयम्’ या व्यासपीठाचा आरंभ झाला आणि नामवंत प्राध्यापकांचे अभ्यासक्रम घरबसल्या उपलब्ध झाले. या सर्व प्रयत्नांमुळे ज्ञानाचा प्रसार वाढला, यात शंका नाही. ज्या गावात चांगला ग्रंथ मिळणे दुरापास्त होते, तेथे आज उत्तम व्याख्यान ऐकावयास मिळते.

परंतु या प्रवासाची दिशा मुख्यतः एकच राहिली. ज्ञान वरून खाली आले. खाली बसलेल्या विद्यार्थ्यास काय समजले आणि काय समजले नाही, हे वर पोहोचण्याची सोय एज्युसॅटमध्ये आणि स्वयम्‌मध्ये काही प्रमाणात असली, तरी ती नित्याच्या अध्यापनाचा कणा बनली नाही. २०२० साली महामारीमुळे महाविद्यालये बंद झाली, तेव्हा ही उणीव सर्वांच्याच दृष्टीस पडली. शिक्षक पडद्यासमोर तासन्‌तास बोलत होते आणि समोर विद्यार्थ्यांच्या नावांच्या काळ्या चौकटी होत्या. त्या चौकटीमागे विद्यार्थी ऐकत आहे, झोपला आहे की शेतावर गेला आहे, हे कळण्यास मार्ग नव्हता. तंत्रज्ञान होते, विद्यार्थ्याचा सहभाग नव्हता.

खरे पाहता ही अवस्था पडद्यामुळे निर्माण झाली नाही, पडद्याने ती उघड केली इतकेच. साठ-सत्तर विद्यार्थ्यांच्या वर्गात प्राध्यापक विचारतात, “समजले ना?” आणि पहिल्या दोन बाकांवरून “हो सर” असा ध्वनी उमटतो. उरलेला वर्ग मौन पाळतो आणि त्या मौनाचा अर्थ आपण संमती असा लावतो.

हार्वर्डमधील एक शोध

या मौनाचा खरा अर्थ ज्यांनी शोधून काढला, त्यांपैकी एक म्हणजे अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर. १९८४ पासून ते तेथे अध्यापन करीत होते. त्यांची व्याख्याने विद्यार्थ्यांना आवडत आणि कठीण गणितेही त्यांचे विद्यार्थी सोडवीत. ॲरिझोना राज्य विद्यापीठातील हालून आणि हेस्टेनिस या संशोधकांनी १९८५ साली काही लेख प्रसिद्ध केले होते. भौतिकशास्त्राचा अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या विद्यार्थ्यांच्याही मनात गती व बल यांविषयीच्या जुन्या भ्रामक कल्पना जशाच्या तशा राहतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. १९९०च्या सुमारास हे लेख माझूर यांच्या वाचनात आले. आपल्या विद्यार्थ्यांबाबत असे घडणे शक्य नाही, असे त्यांना वाटले. खात्री करून घेण्यासाठी त्यांनी तेच साधे प्रश्न आपल्या वर्गास घातले.

त्या प्रकारचा एक प्रश्न असा. एक अवजड ट्रक आणि एक लहान मोटार यांची समोरासमोर टक्कर होते. टक्करीच्या क्षणी कोणत्या वाहनावर अधिक बल कार्य करते? न्यूटनच्या तिसऱ्या नियमानुसार दोन्ही वाहनांवरील बल समान असते. मोटारीचा अधिक चुराडा होतो, कारण तिचे वस्तुमान कमी असते आणि तिच्या वेगात होणारा बदल मोठा असतो. तिसरा नियम तोंडपाठ असणारे कित्येक विद्यार्थी या प्रश्नास “मोटारीवर अधिक बल” असे उत्तर देतात. माझूर यांच्या एका विद्यार्थिनीने तर चाचणीच्या वेळी त्यांना विचारले, की ही उत्तरे आपण शिकविल्याप्रमाणे लिहावयाची की मला स्वतःला वाटते त्याप्रमाणे? शिकणे आणि समजणे या दोन गोष्टी एकाच डोक्यात शेजारी शेजारी, एकमेकींना न भेटता नांदू शकतात, हे त्या निरागस प्रश्नाने दाखवून दिले.

यातून १९९१ पासून माझूर यांनी जी पद्धती विकसित केली, ती ‘पीअर इन्स्ट्रक्शन’ म्हणजे सहाध्यायी-अध्यापन या नावाने जगभर परिचित झाली. तिची रीत सोपी आहे. शिक्षक एखादी संकल्पना थोडक्यात सांगतो. नंतर तीन-चार पर्याय असलेला एक प्रश्न पडद्यावर मांडतो. प्रत्येक विद्यार्थी एक-दोन मिनिटे कोणाशीही न बोलता विचार करतो आणि आपले उत्तर नोंदवितो. बरोबर उत्तर देणाऱ्यांचे प्रमाण साधारणतः ३० ते ७० टक्क्यांच्या दरम्यान असेल, तर शिक्षक उत्तर सांगत नाही. ज्याचे उत्तर आपल्याहून निराळे आहे, अशा शेजाऱ्याला आपले म्हणणे पटवून द्या, असे तो सांगतो. काही मिनिटे वर्ग गजबजून जातो. मग पुन्हा उत्तरे नोंदविली जातात आणि त्यानंतर शिक्षक विवेचन करतो. बहुतेकांना प्रथमच बरोबर उत्तर आले, तर तो पुढे जातो. फारच थोड्यांना आले, तर तो तीच संकल्पना वेगळ्या तऱ्हेने समजावितो.

येथे तंत्रज्ञान आले ते उत्तरे नोंदविण्यासाठी. प्रारंभी हात वर करून काम भागविले जाई. पुढे हातात मावणारी छोटी यंत्रे आली. त्यांना ‘क्लिकर’ म्हणतात. विद्यार्थी बटण दाबतो आणि क्षणार्धात साऱ्या वर्गाच्या उत्तरांचा आलेख शिक्षकापुढे येतो. कोणी काय उत्तर दिले, हे सहाध्यायांना दिसत नाही. त्यामुळे चुकण्याची लाज वाटत नाही आणि हुशार मुलाचे पाहून हात वर करण्याची सोयही उरत नाही.

पुरावा काय सांगतो

नवी पद्धती आकर्षक वाटली, म्हणून स्वीकारावी असे नाही. तिची कसोटी घेतली पाहिजे. १९९८ साली रिचर्ड हेक यांनी ६२ अभ्यासक्रमांतील ६,५४२ विद्यार्थ्यांच्या चाचण्यांची तुलना प्रसिद्ध केली. अभ्यासक्रमापूर्वी विद्यार्थ्यास जे येत नव्हते, त्यांपैकी किती भाग तो अभ्यासक्रमानंतर शिकला, हे त्यांनी मोजले. केवळ व्याख्यानाच्या वर्गांत हे प्रमाण सरासरी ०.२३ होते. जेथे विद्यार्थी प्रश्न, चर्चा व कृती यांत गुंतलेले होते, तेथे ते ०.४८ होते, म्हणजे दुपटीहून अधिक. भौतिकशास्त्राखेरीज अन्य विषयांचे काय, ही शंका रास्त आहे. २०१४ साली स्कॉट फ्रीमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विज्ञान, अभियांत्रिकी व गणित या शाखांतील २२५ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. सक्रिय अध्ययनाच्या वर्गांत अनुत्तीर्ण होणाऱ्यांचे प्रमाण सरासरी २१.८ टक्के, तर व्याख्यानाच्या वर्गांत ३३.८ टक्के आढळले.

आपल्यासारख्या समाजहितैषी मंडळींनी विशेष लक्ष द्यावे असा आणखी एक आढावा २०२० साली प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील अल्प उत्पन्न गटांतील आणि उच्च शिक्षणात मागे राहिलेल्या समूहांतील विद्यार्थी व इतर विद्यार्थी यांच्या परीक्षेतील गुणांत जी दरी असते, ती सक्रिय अध्ययनाने सरासरी एक तृतीयांशाने कमी झाली, असे त्यात दिसून आले. मात्र हा लाभ वर्गाचा बराच वेळ विद्यार्थ्यांच्या कृतीस दिला तेव्हाच झाला. अधूनमधून एखादा प्रश्न विचारून झाला नाही.

येथे कोणी म्हणेल, की दोन अज्ञानी एकमेकांना काय शिकविणार? आंधळ्याने आंधळ्यास वाट दाखवावी, तसेच हे नव्हे काय? कोलोरॅडो विद्यापीठातील मिशेल स्मिथ व सहकाऱ्यांनी जनुकशास्त्राच्या वर्गात नेमकी हीच शंका तपासली आणि २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. ज्या गटांत आरंभी कोणासही बरोबर उत्तर ठाऊक नव्हते, त्या गटांतील विद्यार्थीही चर्चेनंतर त्याच संकल्पनेवरील दुसरा, नवा प्रश्न अधिक चांगल्या रीतीने सोडवू शकले. आपले म्हणणे दुसऱ्यास सांगताना त्यातील कच्चे दुवे सांगणाऱ्याच्याच लक्षात येतात. ज्याने कधी धाकट्या भावंडाचा अभ्यास घेतला आहे, त्यास याचा प्रत्यय निश्चित आला असेल.

यंत्र मोठे की प्रश्न?

आता आजच्या विषयातील मर्माकडे वळतो. कॅनडातील जॉन ॲबट महाविद्यालयाचे नथॅनिएल लास्री यांनी सहाध्यायी-अध्यापनाच्या दोन वर्गांची तुलना केली. एका वर्गातील विद्यार्थ्यांकडे क्लिकर होते. दुसऱ्या वर्गात उत्तराचे अक्षर लिहिलेली साधी कार्डे होती. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखाचा निष्कर्ष असा, की दोन्ही वर्गांच्या शिकण्यात लक्षणीय फरक नव्हता. यंत्रामुळे मोजणी अचूक व जलद होते, शिक्षकाजवळ नोंद राहते, हा लाभ आहेच. पण शिकणे घडले ते विचार, चर्चा आणि पुनर्विचार यांमुळे.

आपल्या महाराष्ट्रातील एक उदाहरण याच दिशेने बोट दाखविते. मुंबईच्या आयआयटीतील संशोधकांनी संगणकशास्त्राच्या प्रथम वर्षाच्या मोठ्या वर्गात ‘थिंक-पेअर-शेअर’ ही पद्धती वापरली. प्रथम एकट्याने विचार करून वहीत लिहावयाचे, मग शेजाऱ्याबरोबर ते पुढे न्यावयाचे आणि शेवटी साऱ्या वर्गापुढे मांडावयाचे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सरासरी ८३ टक्के विद्यार्थी त्या कृतीत गुंतलेले आढळले. विषय संगणकाचा, संस्था तंत्रज्ञानाची, आणि कृतीचे साधन मात्र वही, पेन्सिल व शेजारी!

याचा अर्थ तंत्रज्ञान नको, असा कोणी घेऊ नये. अर्थ इतकाच, की प्रश्न हा गाभा आणि यंत्र ही त्याची सेवक आहे. स्मार्ट बोर्डवर जर केवळ पुस्तकातील मजकूरच झळकणार असेल, तर तो महागडा फळा ठरतो. २०१७ साली लागू झालेल्या नॅकच्या सुधारित मूल्यांकनपद्धतीत विद्यार्थी-केंद्री अध्यापनाविषयी विचारणा होती, तशीच तंत्रज्ञानसज्ज वर्गखोल्यांची टक्केवारीही मागितली जाई. खोल्या मोजणे सोपे असते. त्या खोल्यांत विचारलेले प्रश्न मोजणे अवघड असते. संस्थांचा कल सोप्याकडे झुकला, तर त्यात नवल नाही. परंतु दात्याने तरी अवघड तेच विचारले पाहिजे.

आपल्या वर्गात हे कसे उतरेल?

ही गोष्ट हार्वर्डची, आपल्या तालुक्याच्या वाणिज्य महाविद्यालयास तिचा काय उपयोग, अशी शंका कोणाच्या मनात येईल. आपल्या परिचयाचे एक उदाहरण घेऊ. घसाऱ्याचा पाठ शिकून झाला आहे. स्थिर हप्ता पद्धत आणि ऱ्हासमान शेष पद्धत या दोहोंनी विद्यार्थी अचूक आकडेमोड करतात. आता प्राध्यापक विचारतात : एका दुकानदाराने वर्षअखेरीस फर्निचरवर दहा हजार रुपये घसारा लिहिला. या नोंदीमुळे त्याच्या बँकेतील शिल्लक किती रुपयांनी कमी झाली? पर्याय असे : दहा हजार, त्याहून कमी, त्याहून अधिक, काहीच नाही. आपणांपैकी ज्यांनी स्वतःच्या पेढीच्या वह्या लिहिल्या आहेत, त्यांना प्रश्न ऐकूनच हसू येईल. पैसा फर्निचर घेतले तेव्हाच गेला. आज फक्त खर्चाची नोंद झाली, बँकेतून एक रुपयाही हलला नाही. परंतु रीत पाठ करून पैकीच्या पैकी गुण मिळविणारा विद्यार्थीही येथे “दहा हजार” म्हणण्याचा संभव असतो. हा आपला ट्रक आणि ही आपली मोटार! असा एक प्रश्न दहा उदाहरणांपेक्षा अधिक सांगून जातो, कारण तो रीत विचारीत नाही, अर्थ विचारतो.

उत्तरे नोंदविण्यासाठी प्रत्येक विद्यार्थ्याकडे यंत्र असलेच पाहिजे असे नाही. ‘प्लिकर्स’ नावाच्या सोयीत कागदावर छापलेली चौकोनी कार्डे वापरतात. प्रत्येक कार्डावर वेगळी आकृती असते आणि कार्ड कोणत्या बाजूने उभे धरले आहे, यावरून विद्यार्थ्याचा पर्याय ठरतो. शिक्षक आपला मोबाइल वर्गावरून फिरवितो आणि सर्व उत्तरे त्यात नोंदली जातात. विद्यार्थ्यास मोबाइलची गरज नाही. शेजाऱ्याने दुसऱ्याचे कार्ड पाहिले, तरी त्यास उत्तर सहज उमगत नाही. मोबाइल हाती दिला की लक्ष विचलित होते, अशी जी रास्त चिंता पालक व्यक्त करतात, तिचेही त्यात निराकरण होते.

आता भाषेचा मुद्दा. खेड्यातून मराठी माध्यमात शिकून आलेला विद्यार्थी इंग्रजी व्याख्यानाच्या वर्गात वर्षभर तोंड उघडत नाही. अनेक विद्यार्थिनींचीही तीच स्थिती असते. त्यांना विषय येत नाही असे नव्हे. शंभर डोळ्यांसमोर उभे राहून परक्या भाषेत चुकण्याचे धैर्य होत नाही. शेजारणीशी तीन मिनिटे मराठीत बोलण्यास मात्र धैर्य लागत नाही. कार्ड उंचावण्यासही लागत नाही. जो विद्यार्थी तीन वर्षे वर्गात असूनही कोणास ऐकू आला नाही, त्याचा विचार प्रथमच शिक्षकापुढे येतो. या पद्धतीचे मोल माझ्या मते येथे सर्वांत अधिक आहे.

मार्गातील अडचणी

अडचणी नाहीत असे म्हणणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. चांगला प्रश्न तयार करण्यास वेळ लागतो. अभ्यासक्रम पूर्ण करण्याचा धाक शिक्षकाच्या डोक्यावर असतो. चर्चेचा गलबला ऐकून शेजारच्या वर्गातील सहकारी नाराज होतो. आणि सर्वांत अनपेक्षित अडचण विद्यार्थ्यांकडूनच येते. हार्वर्डमधील लुई देलोरिए व सहकाऱ्यांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सक्रिय वर्गातील विद्यार्थी चाचणीत अधिक शिकल्याचे दिसले. मात्र आपण किती शिकलो असे विचारता, ओघवते व्याख्यान ऐकलेल्यांनाच आपण अधिक शिकल्याचे वाटत होते. बुद्धीला श्रम पडले की काही समजले नाही असे वाटते, आणि सुंदर व्याख्यान ऐकले की सारे समजल्याचा भास होतो. म्हणून विद्यार्थ्यांना ही गोष्ट प्रारंभीच समजावून सांगावी लागते. तसेच या उत्तरांस परीक्षेचे गुण जोडू नयेत. गुण जोडले की विद्यार्थी विचार करण्याऐवजी बरोबर उत्तर हुडकू लागतो, आणि चुकण्याची मोकळीक गेली की पद्धतीचा प्राणच जातो.

दात्यांना विनंती

सज्जनहो, यापुढे एखादे महाविद्यालय साधनांसाठी साहाय्य मागण्यास आले, तर आपण अवश्य साहाय्य करावे. मात्र त्यापूर्वी नम्रपणे विचारावे, की या साधनाने विद्यार्थ्याचे उत्तर शिक्षकापर्यंत कसे पोहोचेल? कोणत्या विषयाचे, कोणते प्राध्यापक, आठवड्यातील किती तासांना ते वापरणार? वर्गाचे उत्तर चुकले, तर पुढे काय करणार? ज्यांच्याजवळ याचे उत्तर आहे, त्यांना पडदाही द्यावा आणि यंत्रेही द्यावीत. ज्यांच्याजवळ नाही, त्यांना प्रथम शिक्षकांचे प्रशिक्षण द्यावे.

देणगीचा काही भाग दगड-विटा-यंत्रे यांऐवजी शिक्षकाच्या वेळेसाठी राखून ठेवता येईल. सुट्टीच्या काळात एका विषयाच्या दहा प्राध्यापकांनी एकत्र बसावे. विद्यार्थी नेमके कोठे अडखळतात, याचा शोध घेऊन त्यांनी मराठीत आणि इंग्रजीत शंभर चांगले प्रश्न तयार करावेत आणि ते परिसरातील सर्व महाविद्यालयांना विनामूल्य द्यावेत. अशा प्रश्नसंग्रहावर कोनशिला बसविता येत नाही. परंतु यंत्र काही वर्षांत जुने होते आणि चांगला प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या ताजा राहतो. न्यूटनचा तिसरा नियम १६८७ साली ग्रंथात प्रसिद्ध झाला. ट्रक आणि मोटारीच्या प्रश्नाने तो आजही विद्यार्थ्यास विचारात पाडतो.

वसतिगृहातील खोली देऊन मागील पिढीने गरजू विद्यार्थ्यास महाविद्यालयाच्या दारापर्यंत आणले. तो वर्गात आला, बाकावर बसला. आता त्या बाकावरून त्याला बोलते करण्याचे काम आपल्या पिढीकडे आले आहे. त्यासाठी लागणारे साहाय्य या सुवर्णमहोत्सवी वर्षात आपल्या हातून घडो, अशी सदिच्छा व्यक्त करतो.